डबल पत्रा सुटतो आणि चांगल्या पत्र्यावर लाइन थांबते: कंट्रोलर नीट कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रेस लाइनच्या डीस्टॅकरवर (थप्पीतून एकेक पत्रा उचलून देणाऱ्या यंत्रावर) डबल पत्रा पकडणारा कंट्रोलर बसवलेला आहे आणि त्याचा एकच सेन्सर वरून पत्र्याला टेकतो. वरची लिमिट सुरुवातीलाच १३० टक्क्यांवर लावून दिली होती, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. ३ मिमीच्या जॉबला दोन पत्रे एकत्र डायमध्ये गेले, कंट्रोलर गप्प राहिला. उलट ०.८ मिमीच्या जॉबला पत्रा एकच असताना मधूनच ‘शून्य पत्रा’ दाखवून लाइन थांबते. आता त्याच लाइनवर ॲल्युमिनियमही चालवायचं आहे. कंट्रोलर खराब आहे का, आणि सेटिंग कसं करायचं?

कंट्रोलर बहुधा ठणठणीत आहे. पहिल्या दोन्ही तक्रारींमागे एकच गैरसमज आहे: हे यंत्र पत्र्याची जाडी मोजतं असं धरून लिमिट लावलेली आहे. ते जाडी मोजत नाही. ते एक चुंबकीय सिग्नल मोजतं आणि साठवलेल्या सिग्नलशी ताडून पाहतं. या सिग्नलचं जाडीशी नातं सरळ रेषेतलं नसतं, म्हणून ‘दुप्पट पत्रा म्हणजे २०० टक्के, तेव्हा १३० ला पकडलं की झालं’ हा हिशोब काही जॉबना लागू पडतो आणि काहींना साफ फसवतो.

टेकून मोजणाऱ्या एकतर्फी सेन्सरमध्ये गाभा आणि त्यावर कॉइल असते. मोजणीच्या वेळी कॉइलला करंटचा पल्स मिळतो, सेन्सर इलेक्ट्रोमॅग्नेट होतो, पत्र्याला ओढून धरतो आणि गाभ्यातून निघालेला चुंबकीय प्रवाह पत्र्यातून फिरून परत येतो. किती प्रवाह फिरला ते कंट्रोलर मोजतो. पत्रा हा या प्रवाहाचा पाइप समजा. मऊ पोलाद साधारण २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, त्यापलीकडे त्यातून फारसा जास्त प्रवाह जात नाही. पत्रा पातळ असेल तर पाइप बारीक, तो लगेच भरतो, आणि खाली दुसरा पत्रा चिकटला की पाइप जवळजवळ दुप्पट होऊन रीडिंग चांगलंच वर जातं. पण पत्रा जाड असेल तर एकाच पत्र्याचा पाइप सेन्सरच्या ताकदीपेक्षा मोठा ठरतो. मग दुसरा पत्रा आला तरी वाढायला प्रवाहच उरलेला नसतो. एका पत्र्याला १०० धरलं तर ०.८ मिमीला डबलचं रीडिंग समजा १७५ येईल, आणि त्याच सेन्सरवर ३ मिमीच्या डबलला ११८ येईल. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या सेन्सरचे वेगळे असतील, पण कल असाच असतो. आता १३० ची लिमिट ३ मिमीच्या जॉबला लावून बघा: डबल पत्रा दरवेळी ‘एक पत्रा’ म्हणून पास होणार. तुमच्याकडे नेमकं हेच घडलेलं दिसतं.

म्हणून लिमिट लावण्याची पद्धत अशी ठेवा. प्रत्येक जॉबसाठी सेन्सर त्याच्या नेहमीच्या जागी, व्हॅक्यूम चालू, एकच पत्रा धरून रीडिंग घ्या. एकदाच नको. थप्पीतले वेगवेगळे दहा-बारा पत्रे घ्या, शक्य असेल तर पत्र्याच्या दुसऱ्या गुंडाळीतून कापलेल्या मालातलेही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रीडिंग लिहून ठेवा. मग खरे दोन पत्रे धरून तसंच करा. एका पत्र्याचं सर्वांत जास्त रीडिंग आणि डबलचं सर्वांत कमी रीडिंग, या दोहोंच्या मध्ये वरची लिमिट बसवायची. ३ मिमीच्या उदाहरणात एक पत्रा ९७ ते १०३ आणि डबल ११५ ते १२० असेल तर लिमिट १०९ ला चालेल. पण एक पत्राच ९२ ते १०८ फिरत असेल आणि डबल ११३ पासून सुरू होत असेल, तर त्या सेन्सरने तो जॉब करू नका. लिमिट कितीही हलवली तरी एकतर खोटे थांबे येतील नाहीतर डबल सुटेल. तिथे मोठ्या गाभ्याचा, त्या जाडीसाठी बनवलेला सेन्सर हवा. सेन्सरच्या माहितीपत्रकात एका पत्र्याची किमान आणि कमाल जाडी दिलेली असते. कमाल आकड्याच्या अगदी काठावर चालवणं म्हणजे असं दाटीचं रीडिंग विकत घेणं.

डबलचं रीडिंग घेताना पत्रे छान घट्ट चिकटवून घेऊ नका. दोन पत्र्यांमध्ये तेलाचा थर, बर (कापल्यावर कडेला उरलेली खरखरीत धार) किंवा बाक असेल तर मध्ये फट राहते आणि डबलचं रीडिंग खाली येतं. उत्पादनात येणारा डबल असाच वेडावाकडा असतो, तेव्हा तोच मोजा. माझ्या मते सेटिंगमधली सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच आहे. एका पत्र्यावर टीच करून, म्हणजे त्याचं रीडिंग कंट्रोलरमध्ये साठवून, हिरवा दिवा बघून लोक उठतात. डबल दाखवल्यावर कंट्रोलर काय म्हणतो ते कुणी पाहिलेलंच नसतं.

आता ०.८ मिमीचा ‘शून्य पत्रा’. सेन्सर आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची फट पडली की चुंबकीय मार्गातला अडथळा झपाट्याने वाढतो आणि रीडिंग कोसळतं. हे स्वतः पाहायचं असेल तर साधा छपाईचा कागद घ्या, ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक कागद सेन्सर आणि पत्र्याच्या मध्ये ठेवून रीडिंग बघा, मग दोन, मग तीन. आपला सेन्सर फटीला किती नाजूक आहे ते पाच मिनिटांत कळतं, आणि त्यानंतर मेंटेनन्सला सेन्सरचं तोंड पुसायला सांगताना वाद घालावा लागत नाही.

फट पडण्याची कारणं बहुतेक यांत्रिक असतात. सेन्सर कडक ब्रॅकेटवर बसवला असेल तर तो पत्र्याच्या तिरकेपणाबरोबर फिरू शकत नाही. त्याला स्प्रिंग आणि थोडं डोलणारं माउंटिंग हवं. सक्शन कप पत्र्याला वर ओढतात तेव्हा पातळ पत्रा कपांच्या मध्ये बाक घेतो आणि नेमका सेन्सरखालीच दबतो. मग सेन्सर एखाद्या कपाच्या जवळ सरकवावा लागतो. सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस चिकटतो, कारण ते तोंड शेवटी चुंबकच आहे. कडेला मोजत असाल तर बर पत्र्याला उचलून धरते. प्लॅस्टिक फिल्म लावलेला पत्रा असेल तर फिल्मचीच फट असते, पण ती कायमची आणि सारखी असल्यामुळे फिल्मसकट टीच केलं की भागतं. फिल्मवाला आणि बिनफिल्मचा माल एकाच प्रोग्रामवर (जॉबसाठी साठवलेल्या सेटिंगवर) मात्र चालवू नका.

यावर सगळीकडे एक सोपा तोडगा केला जातो: खालची लिमिट, म्हणजे रीडिंग जिच्या खाली गेलं की ‘शून्य पत्रा’ येतो ती, ८० वरून ५० वर आणायची. थांबे बंद होतात, शिफ्ट खूश. पण फट एका पत्र्यालाच पडते आणि डबलला पडत नाही असं थोडंच आहे? वर डबलचं रीडिंग १७५ धरलं होतं. वाईट टेकलेल्या सेन्सरवर ते घसरून ११० वर आलं तर कंट्रोलर ‘एक पत्रा’ म्हणेल आणि पुढे पाठवेल. खालची लिमिट फक्त पत्रा नसल्याचं सांगत नाही. ‘सेन्सर नीट टेकलेला नाही, माझ्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका’ हेही तीच सांगते. तिला ढिली सोडलं की डबलविरुद्धचं अर्धं संरक्षण गेलं. ‘शून्य पत्रा’ वारंवार येतो तेव्हा लिमिटला हात लावण्याआधी सेन्सरकडे जा.

खालच्या लिमिटचा आणखी एक उपयोग आहे. टीच करताना चुकून दोन पत्रे धरले गेले तर काय होतं? डबल हाच कंट्रोलरचा ‘एक’ ठरतो. लाइन सुरू केली की पातळ जॉबला प्रत्येक चांगल्या पत्र्याचं रीडिंग खालच्या लिमिटच्याही खाली येतं आणि लाइन लगेच थांबते. म्हणजे चूक आपोआप उघडी पडते, पण खालची लिमिट जागेवर असेल तरच. ती आधीच ढिली असेल तर एक पत्राही पास, डबलही पास. म्हणून टीच करण्याआधी पत्रा हातात घेऊन मायक्रोमीटरने मोजायचा, तेल पुसून, कडेच्या बरपासून आत. तेलाने चिकटलेले दोन पातळ पत्रे डोळ्याला एकच दिसतात. टीच टेबलावर पत्रा ठेवून नको, लाइनवर जसा धरला जातो तसाच धरून करायचा.

काही कंट्रोलरमध्ये टीच न करता जाडीचा आकडा भरता येतो आणि आत साठवलेला कर्व्ह वापरला जातो. छोट्या लॉटसाठी ही मोठी सोय आहे. पण तो कर्व्ह ठरावीक प्रकारच्या पोलादावर आणि पूर्ण टेकलेल्या सेन्सरवर काढलेला असतो. जास्त ताकदीच्या पोलादाचं चुंबकीय वागणं साध्या डीप ड्रॉइंगच्या पत्र्यासारखं नसतं. आकडा भरून सुरू केलं तरी वर सांगितलेली सिंगल-डबलची तपासणी चुकत नाही.

मोजणी कधी होते, हाही भाग तितकाच महत्त्वाचा. कप पत्रा उचलतात त्या क्षणी तो थरथरत असतो, बाक सुटत असतो, खालचा पत्रा अजून सुटू शकतो. ट्रिगर लवकर आला तर रीडिंग उड्या मारतं. पत्रा थोडा वर उचलून स्थिर झाल्यावर, पण फीडर पुढे निघण्याआधी मोजा. चुंबकीय मोजणीला वेळ लागतो, कारण गाभा आणि जाड पत्रा यांत प्रवाह उभा राहायला पल्स काही काळ टिकावा लागतो; सायकल टाइम वाचवायला हा वेळ कापू नका. आणि कॉइल मोजणीपुरतीच चालू ठेवा. सतत करंट दिला तर ती तापते, रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो आणि सकाळी बरोबर असलेलं सेटिंग दुपारी सरकतं.

पीएलसीकडे (लाइन चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाकडे) जाणाऱ्या सिग्नलबद्दल माझं मत ठाम आहे: पुढे जायची परवानगी ‘एक पत्रा’ हा सिग्नल हाय असेल तरच मिळाली पाहिजे. ‘डबल आला तर थांब’ असं लॉजिक लिहिलेलं असेल तर तार तुटली, फ्यूज उडाला, कंट्रोलर बंद पडला, तरी प्रेस मजेत चालत राहील. शिवाय प्रत्येक सायकलला तो सिग्नल एकदा लो होऊन पुन्हा हाय झाला का, हे पीएलसीने पाहायला हवं. नाहीतर मागच्या पत्र्याचाच अडकलेला हिरवा सिग्नल या पत्र्याला परवानगी देतो. तपासायचं असेल तर मॅन्युअल मोडमध्ये सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. लाइनला परवानगी मिळता कामा नये.

प्रोग्राम निवडतानाही अशीच एक खाच आहे. पीएलसी प्रोग्राम नंबर बिटांमध्ये पाठवत असेल तर प्रोग्राम ५ म्हणजे १०१. शेवटच्या बिटची तार केबल चेनमध्ये तुटली की कंट्रोलरला १०० मिळतं आणि तो मुकाट प्रोग्राम ४ चालवतो. जर ४ हा जाड पत्र्याचा प्रोग्राम असेल आणि खालची लिमिट ढिली असेल तर पातळ डबल सहज सुटेल. कंट्रोलर चालू प्रोग्रामचा नंबर परत पाठवू शकत असेल तर पीएलसीमध्ये तो ताडून बघा, जुळला नाही तर लाइन थांबवा. प्रोग्रामच्या नावात नुसती जाडी नको. जाडी, ग्रेड आणि फिल्म आहे की नाही, तिन्ही हवं.

आता ॲल्युमिनियम. तुमचा सध्याचा सेन्सर त्यासाठी निरुपयोगी आहे. ॲल्युमिनियम चुंबकीय प्रवाहाला हवेपेक्षा वेगळं वागवत नाही, त्यामुळे एक पत्रा असो की चार, तो ‘शून्य’च म्हणेल. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचंही ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) अवस्थेत तेच. ४३० मात्र चुंबकीय आहे, तो टेकणाऱ्या सेन्सरवर चालू शकतो. ३०४ कोल्ड वर्क (थंड असताना वाकवणं, दाबणं) झाल्यावर थोडा चुंबकीय होतो, त्यामुळे एखादा पत्रा चुंबकाला किंचित चिकटला म्हणून फसू नका; त्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

यासाठी एडी करंटवर चालणारा सेन्सर लागतो. तो एकतर्फीही मिळतो, पण लाइनवर वेगवेगळे धातू चालणार असतील तर मी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बसणारी जोडी निवडेन: एकीकडे ट्रान्समीटर, दुसरीकडे रिसीव्हर. ट्रान्समीटरचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात करंट उभे करतं, ते करंट क्षेत्राला विरोध करतात आणि रिसीव्हरला उरलेला सिग्नल मिळतो. पत्रा टेकलेला असण्याची गरज नाही. तो मधल्या गॅपमध्ये थोडा वरखाली झाला किंवा दोन पत्र्यांमध्ये फट राहिली तरी फारसा फरक पडत नाही. तुमचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

या जोडीत फ्रिक्वेन्सी बरोबर हवी. धातूत शिरलेलं क्षेत्र ज्या खोलीवर सुमारे ३७ टक्के उरतं तिला स्किन डेप्थ म्हणतात. १ किलोहर्ट्झला शुद्ध ॲल्युमिनियममध्ये ती साधारण २.६ मिमी आहे, ३०४ स्टेनलेसमध्ये सुमारे १३.५ मिमी. म्हणजे १ किलोहर्ट्झवर १ मिमी ॲल्युमिनियम नीट मोजलं जाईल, पण १ मिमी स्टेनलेस सिग्नलला फारसं अडवणारच नाही आणि सिंगल-डबलमधला फरक बारीक राहील. उलट १०० किलोहर्ट्झला स्टेनलेसची स्किन डेप्थ सुमारे १.३५ मिमी होते, ते चांगलं. पण ॲल्युमिनियमची ०.२६ मिमी, म्हणजे १ मिमीचा एकच पत्रा जवळजवळ सगळा सिग्नल खाऊन टाकतो आणि डबलला खाली जायला जागाच उरत नाही. हेच ३ मिमीच्या पोलादाचं दुखणं, उलट्या बाजूने. उपायही तोच: सिंगल आणि डबल दोन्हींची रीडिंग घ्या, फरक भरपूर येईल ती फ्रिक्वेन्सी ठेवा.

ॲल्युमिनियममध्ये ग्रेडही बघावी लागते, कारण इथे मोजली जाते ती जाडी आणि विद्युतवाहकता मिळून. ५०५२ ची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे ३५ टक्के, ६०६१-टी६ ची ४३ च्या आसपास, आणि १०५० ची साठच्या वर. १०५० चा एक पत्रा ५०५२ च्या प्रोग्रामवर टाकला तर कंट्रोलरला तो बराच जाड वाटेल आणि ‘डबल’ ओरडेल. तापमानाचंही भान ठेवा: ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. गरम धुलाईतून थेट आलेला पत्रा थंड पत्र्यावर टीच केलेल्या प्रोग्रामला पातळ वाटतो.

जोडी बसवताना दोन्ही सेन्सर समोरासमोर एका रेषेत ठेवा आणि पत्र्याने त्यांचं पूर्ण तोंड झाकलं पाहिजे. कडेजवळ क्षेत्र पत्र्याला वळसा घालून रिसीव्हरपर्यंत पोचतं. आजूबाजूचा धातूचा ब्रॅकेट, सळई, गार्ड यांनीही रीडिंग बदलतं. फ्रेममध्ये काही हलवलं की पुन्हा टीच करा.

रोजची तपासणी छोटी ठेवली तरच ती होते. शिफ्टच्या सुरुवातीला आणि प्रत्येक टूल बदलानंतर, प्रेस लॉक करून, त्याच जॉबचे दोन पत्रे दाखवा. ते कडेने टेपने बांधून लाल रंगवून ठेवलेले असू द्या, म्हणजे चुकून थप्पीत जाणार नाहीत. कंट्रोलरने ‘डबल’ म्हटलं पाहिजे आणि पीएलसीने खरोखर थांबवलं पाहिजे. नुसता दिवा पेटणं पुरेसं नाही. मग एक पत्रा, मग काहीच नाही. तीन रीडिंग वहीत. डबलचं रीडिंग दर आठवड्याला थोडं थोडं खाली सरकताना दिसलं तर सेन्सरचं तोंड झिजतंय किंवा माउंटिंग अडकतंय.

हा कंट्रोलर डायला आणि प्रेसला वाचवतो, माणसाला नाही. त्याच्या भरवशावर कुणी गार्डच्या आत हात घालू नये. आणि बायपासची किल्ली पॅनेललाच लटकत असेल तर वरचं सगळं सेटिंग व्यर्थ आहे. ती शिफ्ट इन्चार्जकडे असावी आणि वापरली की नोंद व्हावी.

डबल खरोखर पकडला गेला तर रीसेट दाबून तोच पत्रा पुन्हा मोजायची सवय लावू नका. दुसऱ्यांदा उचलताना खालचा पत्रा कोपऱ्यावर लोंबकळत राहू शकतो, सेन्सरच्या जागी एकच पत्रा असतो आणि रीडिंग खरंच ‘एक’ येतं. पत्रा बाहेर काढा, मग थप्पीकडे बघा. एअर नोझल बरोबर कडेवर फुंकतंय का, पत्रे वेगळे करणारे फॅनर मॅग्नेट थप्पीला नीट टेकलेत का, तेल जास्त आहे का. ते मॅग्नेट सेन्सरपासून लांब ठेवा, कारण त्यांचं क्षेत्र चुंबकीय मोजणीत मिसळतं; आणि मोजणीनंतर पत्र्यात चुंबकत्व उरून पुढच्या स्टेशनवर कीस चिकटत असेल तर कंट्रोलरमध्ये डीमॅग्नेटायझेशनची सोय आहे का ते पाहून ती चालू करा.

पुढे कधी टेलर वेल्डेड ब्लँक (वेगवेगळ्या जाडीचे पत्रे वेल्डिंगने जोडून केलेले तुकडे) चालवायचे असतील तर सेन्सर कोणत्या भागावर टेकतोय ते ड्रॉइंगवर खूण करून ठेवा. ०.८ आणि १.६ मिमी जोडलेल्या ब्लँकमध्ये जाड बाजू म्हणजे पातळ बाजूचा हुबेहूब डबल. ब्लँक उलटा आला किंवा थप्पी फिरवून ठेवली तर एक सेन्सर हा फरक सांगू शकत नाही. अशा जॉबला दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर आणि दोघांनाही स्वतंत्र प्रोग्राम द्या. मग उलटा ब्लँक एका सेन्सरवर ‘डबल’ आणि दुसऱ्यावर ‘शून्य’ असा एकदमच दिसतो, आणि लाइन थांबली तर ती कशामुळे थांबली हे सेटरला डिस्प्लेवरूनच कळतं.